गोळी घे, ड्यूटीवर जा

माझी शेवटची पोस्टिंग माझ्या सर्व्हिस बुकात नाही. आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, येलदरीजवळच्या गावी येऊन दोन वर्षं शेती केली. बैलांना सावधान-विश्राम शिकवून झालं असेल तर आता कुठेतरी नोकरी बघा, असं बायको म्हणाली. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रशासनाच्या कामावर रुजू झालो. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर वाचणारा दोष त्याच्यावर ढकलेल, आणि तो दोष त्याचा नाही. साठ खाटा, दोन व्हेंटिलेटर, एक एक्स-रे मशीन, आवारात एक मोठा कडुलिंब. गेट, स्टोअर, ऑक्सिजन, हजेरी आणि सफाई माझ्याकडे. सगळे मला सुभेदार साहेब म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

पुढचं सगळं या दवाखान्यात घडलं. पण त्याचं मूळ फौजेत आहे, म्हणून आधी तिथलं सांगतो.

फौजेत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला बरं नाही त्यानं ठरलेल्या वेळी एमआय रूमपुढे, म्हणजे युनिटच्या दवाखान्यापुढे, येऊन उभं राहायचं. मी नर्सिंग असिस्टंट होतो. ताप आणि नाडी बघायची, रजिस्टरात नाव चढवायचं, ते माझं काम. मग मेडिकल ऑफिसर तपासून शेरा मारत. एखाद्याला अॅडमिट, एखाद्याला विश्रांती, आणि उरलेल्यांना एम अँड डी. मेडिसिन अँड ड्यूटी. गोळी घे आणि कामावर जा. हा शेरा घेऊन जवान कंपनीत परतला की त्याच्याकडे बघून बाकीचे हसायचे, कारण अर्थ सगळ्यांना कळायचा. गडी कामचुकार आहे.

एका थंड जागी एक शिपाई ओळीनं तीन दिवस ताप घेऊन आला. पारा १०३ वर, आणि हात लावला तर अंग थंड. चौथ्या दिवशी मी त्याच्या तोंडात थर्मामीटर दिलं आणि पाठ फिरवून उभा राहिलो. समोरच्या खिडकीच्या काचेत दिसलं. पठ्ठ्यानं थर्मामीटर चहाच्या मगमध्ये बुडवलं, तीन सेकंद धरलं आणि परत तोंडात घातलं. त्याला शिक्षा झाली, मला शाबासकी. युनिटचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "इसकी आँख से कोई नहीं बचेगा."

त्या वेळी मी लान्स नायक होतो. ते वाक्य मी सुभेदार होईपर्यंत छातीवर मेडलसारखं लावून फिरलो. काखेत कांदा ठेवणारे, साबण खाणारे, उन्हात डोकं तापवून येणारे, सगळे पकडले. चुकलो नाही असं नाही, पण चुकलेलं लक्षात ठेवायची सवय मला नव्हती.

आता दवाखान्याचं.

त्या हिवाळ्यात संक्रांत झाली आणि इन्फ्लुएंझाच्या बातम्या यायला लागल्या. लोक त्याला स्वाइन फ्लूच म्हणत. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर वरून आलेल्या सूचनांचा गठ्ठा होता.

"सुभेदार, करोनात आपण तहान लागल्यावर विहीर खणली. या वेळी आधी योजना. किती दिवस लागतील?"

"पाच."

"मला चार दिवसांत द्या."

चार दिवसांत दिली. तेवीस पानं. कडुलिंबाखाली तपासणीचा तंबू. ताप-खोकल्याचा पेशंट मागच्या गेटनं, बाकीचा पुढच्या. खालचा मजला फ्लूचा, वरचा मजला स्वच्छ वॉर्ड. ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर कुठे, रिकामं कुठे, पाणी कुठे, मृतदेह कोणत्या दारानं बाहेर काढायचा, नातेवाईक कुठे बसतील, सगळं नकाशावर. चार वॉकी-टॉकी मागवले. एका सकाळी मॉक ड्रिल घेतली. वॉर्डातल्या मावशींना खोटे पेशंट करून स्ट्रेचरवर घातलं. त्यांचं बघून गेटवर औषधाला आलेली एक म्हातारी रिकाम्या स्ट्रेचरवर जाऊन झोपली. "मला बी फिरवा की, पाय लय दुखायलेत," म्हणाली. तिला फिरवली. गेट ते खाट, सहा मिनिटं दहा सेकंद. मी खूश होतो.

स्वच्छ वॉर्ड हा माझ्या योजनेचा किल्ला. तिथे हाड मोडलेले, ऑपरेशन झालेले, आधीच अशक्त असलेले पेशंट. त्यांच्यापर्यंत फ्लू पोचला तर ते टिकणार नाहीत, हे मोठ्या मॅडमनी तीनदा बजावलं होतं. म्हणून नातेवाईक बंद, आणि दिवसपाळीला दोनच माणसं आत. ब्रदर गजानन, आणि त्याच्यावर सिस्टर कविता खंदारे.

सिस्टर कविता म्हणजे दवाखान्यातली सगळ्यात खमकी बाई. झरीहून रोज स्कूटीवर ये-जा. नवरा शाळेत गुरुजी, मुलगी दहावीला. सलाईनची शीर अंधारात शोधून काढेल असा हात. माझ्या वॉकी-टॉकीची तिला भारी गंमत वाटायची. "वॉर्ड टू कंट्रोल, आबांना लघवी झाली, ओव्हर." मी वर जाऊन रागावलो की म्हणायची, "तुमीच म्हणलात ना सायब, सगळं कळवायचं. कळवलं. ओव्हर."

पान चौदाचं सांगायचं राहिलं. मी सगळ्यात शेवटी ते लिहिलं. शीर्षक होतं, 'कर्मचारी आजारी पडल्यास'. वरून आलेल्या सूचनांत एक कलम होतं. ताप आलेल्या कर्मचाऱ्याला ताबडतोब घरी पाठवावे, ताप पूर्ण उतरून चोवीस तास होईपर्यंत कामावर घेऊ नये. मी ते वाचलं आणि लाल पेनानं आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'रोज ०७३० वाजता फॉल-इन. ताप तपासून सुभेदार निर्णय घेतील.'

मोठ्या मॅडमनी विचारलं, "हे कलम काहून काढलं?"

"मॅडम, ही सवलत कळली की अर्धा दवाखाना घरी बसेल. माणसं मी ओळखतो."

त्या दमलेल्या होत्या. बाहेर तंबूपुढे रांग लागली होती. "तुमच्यावर सोडते," म्हणाल्या आणि सही केली.

दुसऱ्या दिवसापासून फॉल-इन सुरू झालं. कडुलिंबापलीकडे, उन्हाच्या पट्ट्यात सगळे ओळीत उभे. मी कपाळावर थर्मामीटरची गन धरायचो, आकडा मोठ्यानं वाचायचो, रजिस्टरात लिहायचो. शेजारी एक बोर्ड मी स्वतः रंगवून टांगला होता. 'अखंड हजेरी'. एकही दिवस न चुकवलेल्यांची नावं वर, रजा घेतली की नाव खाली. मावशींमध्ये त्यावरून चुरस लागली. सिस्टर कविताचं नाव पहिल्या ओळीत होतं. साप्ताहिक सुट्टीही तिनं घेतली नव्हती.

विसाव्या का एकविसाव्या दिवशी ब्रदर गजानन दहा मिनिटं उशिरा आला. डोळे लाल. आदल्या दिवशी त्यानं आईला बरं नाही म्हणून रजा मागितली होती, मी दिली होती.

"सायब, अंग लय दुखायलंय. ताप हाय."

गन धरली. १०१.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कॉलरमध्ये काहीतरी लाल दिसलं. बोट घालून काढलं. कुंकवात रंगवलेली ज्वारी. केसात आणखी तीन दाणे. लग्नातल्या अक्षता.

"आईच्या डोक्यावर अक्षता टाकून आलास का रे?"

ओळ खदाखदा हसली. गजानन मान खाली घालून म्हणाला, "मामाच्या पोरीचं लगीन होतं. पर ताप खरा हाय, सायब."

"आणि तो उन्हात किती वेळ उभा राहून आणलास?"

पुन्हा हशा. मी त्याला ओळीसमोर उभा केला. तोंड सगळ्यांकडे. खोटी रजा म्हणजे काय, लढाईच्या आघाडीवर अशा माणसाचं काय होतं, यावर पाच मिनिटं बोललो. फार छान बोललो असेन, कारण मला ते बोलणं आवडलं होतं. मग शेरा दिला. "मेडिसिन अँड ड्यूटी. गोळी घे, ड्यूटीवर जा."

सिस्टर कविता पहिल्या ओळीत होती. तीही हसली होती. मग हसायची थांबली आणि गजाननकडे बघत राहिली. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी फक्त हसणारे मोजले.

गजाननचं नाव बोर्डावर खाली गेलं आणि गजानन स्वच्छ वॉर्डात वर गेला. चार दिवस खोकत काम केलं. तरणा गडी होता, बरा झाला. मी म्हटलं, बघा, ताप असता तर चार दिवस उभा राहिला असता का? हातच्या काकणाला आरसा कशाला?

स्वच्छ वॉर्डात खाट नऊवर पोखर्णीचे दत्ताराव आबा होते. बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, आत रॉड घातलेला. काठी धरून वॉर्डात चार पावलं टाकू लागले होते. शनिवारी घरी सोडायचं ठरलं होतं. गावात गेल्यावर आधी नरसिंहाच्या देवळाची पायरी, मग घराचा उंबरा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी राऊंडला गेलो की सिस्टरला म्हणायचे, "पोरी, आला बघ तुझा जेलर."

त्यांचा मुलगा रोज अकराला भाकरीचा डबा घेऊन गेटवर यायचा.

"एक डाव आत जाऊ द्या, सायब. म्हातारा वाट बघायलाय."

"ऑर्डर नाही."

"दुरून बगतो."

"खाली खिडकीपाशी उभा राहा. सिस्टर त्यांना खिडकीत आणेल."

तो खाली उभा राहून हात हलवायचा, वरून आबा काठी हलवायचे. मुलगा निरोगी होता, सांगितलेलं ऐकत होता, आणि मी त्याला एकदाही आत सोडलं नाही. गेटवर मी उंदीर आत जाऊ दिला नसता.

सोमवारी वॉकी-टॉकीवर सिस्टर कविताचा आवाज घोगरा आला. मी विचारलं.

"रस्त्यानं हरभऱ्याची मळणी चालूय, सायब. भुस्सा गेलाय नाकात. ओव्हर."

मंगळवारी फॉल-इनला आकडा ९७.८. बुधवारी ९८.१. मावशींपैकी एकीचा आकडा ९९ आला, तिला मी दटावलं आणि म्हणालो, सिस्टरकडे बघा. रोज वीस किलोमीटरवरून येते, आणि कपाळ कसं थंडगार. गुरुवारी ती जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहिली. मी खालून बघितलं. तिनं मागे वळून बघितलं, मी बघतोय हे तिला दिसलं, आणि ती उरलेल्या पायऱ्या भराभर चढून गेली.

शुक्रवार. ०९१०. मी ऑक्सिजनच्या खोलीत होतो. सेट वाजला.

"सुभेदार साहेब, जरा वर या."

सिस्टरचा आवाज. एवढंच, पुढे ओव्हर नाही. मला वाटलं, आबा पडले.

वर गेलो तर आबा खाटेवर उठून बसले होते आणि ओरडत होते. सिस्टर कविता औषधांच्या ट्रॉलीपाशी जमिनीवर बसलेली. एक हात आबांच्या खाटेच्या दांडीला. ओठ निळे. बोटाला मशीन लावलं, ऑक्सिजन ७६. तोंडावरचा मास्क सोडून तिला श्वास घ्यायला लावावा, तर ती मान हलवत होती. पेशंट जवळ आहेत, मास्क काढू नका, असं सांगत होती.

०९१४ ला स्ट्रेचर खाली. मोठ्या मॅडम पळत आल्या.

"ताप केव्हापासून?"

सिस्टरनं चार बोटं दाखवली.

"चार तास?"

मान नकारार्थी. चार बोटं तशीच.

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर आणलं. कशासाठी आणलं कुणास ठाऊक. माणूस मरायला टेकला असताना मी आकडे दाखवत होतो. ९७.८, ९८.१, ९७.९, आणि त्याच दिवशी सकाळचा ९७.६. चारही माझ्या अक्षरात.

खालच्या एका मावशीला विचारलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. सगळ्या मावशींना माहीत होतं. सिस्टर सहा वाजता तापाच्या दोन गोळ्या घ्यायची. घरून निघताना स्कार्फ गार पाण्यात भिजवून कपाळावर आवळून बांधायची. झरीपासून सकाळच्या गार वाऱ्यात यायची, गेटवर स्कार्फ सोडायची आणि सरळ फॉल-इनला उभी राहायची. कपाळावर बर्फ ठेवल्यासारखंच ते.

ताप चढवायची एकूण एक युक्ती मला पाठ होती. ताप उतरवून ड्यूटीवर येणारा माणूस उभ्या सर्व्हिसमध्ये माझ्यापुढे आला नव्हता, आला असेल तर मी ओळखला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. मी तर संन्याशाला हातानं ओळीत उभा केला होता.

शनिवारी सकाळी आबांना ताप भरला. १०२. त्या दिवशी ते घरी जायचे होते. मुलगा रिक्षा घेऊन गेटवर आला होता, रिक्षाला त्यानं नारळ बांधला होता. गजाननकडून सिस्टरला गेला आणि तिच्याकडून आबांना, का गजाननकडूनच दोघांना, ते कुणाला सांगता येणार नाही. दोन्ही वाटा माझ्या फॉल-इनमधून जातात.

त्याच दिवशी दुपारी दोनला मी सिस्टरपाशी गेलो. तोंडावर ऑक्सिजनचा मोठा मास्क, एकेक शब्द ओढून काढत होती.

"आबाला... ताप हाय का?"

"नाही. आबा ठणठणीत आहेत. रिक्षा आलीय न्यायला."

रिक्षा आली होती, तेवढं खरं होतं. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग पुन्हा म्हणाली, "बोर्डावर... माझं नाव खाली घेतलं का?"

"नाही घेतलं."

हे मात्र खरं होतं. मला सुचलंच नव्हतं. ती थोडी हसली. मी बाहेर आलो, स्टोअरमध्ये जाऊन दार लावलं आणि रडलो. फौजेत मी तुकडे झालेली माणसं या हातांनी उचलली आहेत. तेव्हा रडलो नव्हतो, कारण तेव्हा ती मी मारलेली नव्हती.

रविवारी तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. मोठ्या मॅडम दोन दिवस घरी गेल्या नाहीत. मंगळवारी ११२० वाजता सिस्टर कविता गेली. माझ्याच नकाशात दाखवलेल्या दारानं तिला बाहेर काढलं. खालच्या मजल्याचं काम थांबवता आलं नाही, तंबूपुढे पस्तीस माणसं उभी होती. तिच्या मैत्रिणी सलाईन लावत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आबा गुरुवारी सकाळी गेले. मुलाला आत बोलावलं. पहिल्यांदा. तो वॉर्डाच्या दारातच थबकला आणि मला म्हणाला, "आता ऑर्डर हाय का, सायब?"

त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, "आहे."

सिस्टर गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी खंदारे गुरुजी स्कूटी न्यायला आले. डिकीत तिचा डबा होता, गोळ्यांची चार रिकामी पाकिटं होती, आणि तो स्कार्फ. सुकून कडक झालेला. गुरुजींनी पाकिटं हातात घेऊन उलटसुलट बघितली. अतिशय सावकाश बोलणारा माणूस.

"सायब, एक इचारू का?"

"विचारा, गुरुजी."

"ताप आला तर तुमच्याकडं रजा मिळत न्हवती का?"

कडुलिंबापलीकडे आम्ही दोघंच होतो. बोर्ड त्यांच्या पाठीमागे होता.

"मागितली असती तर मिळाली असती," मी म्हणालो.

"बरं," गुरुजी म्हणाले. स्कार्फाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.

त्या संध्याकाळी गजानन माझ्याकडे आला. त्याला वाटत होतं, त्यानं सिस्टरला मारलं. मी म्हटलं, तू नाही. तो म्हणाला, "सायब, लग्नाला गेलो ते खोटं सांगून गेलो. पर ताप खरा होता. दोन्ही खरं असू शकतं का न्हाई?" माझ्या रजिस्टरात एका नावापुढे एकच शेरा मावायचा.

मी राजीनामा लिहिला. मोठ्या मॅडमनी तो फाडला. म्हणाल्या, "सही माझी पण होती. आता पळून जाऊ नका, अजून महिनाभर ही रांग हटणार नाही. पान चौदा पुन्हा लिहा." लिहिलं. खोडलेलं कलम जसंच्या तसं परत घातलं आणि ते पान पहिलं केलं. बोर्ड उतरवला. दुसऱ्या दिवशी फॉल-इनला सांगितलं, ज्याला कणकण आहे त्यानं एक पाऊल पुढे या, शेरा नाही, प्रश्न नाही, पगार कापणार नाही. कुणी हललं नाही. मी तसाच उभा राहिलो. ०७३०, ०७३५, ०७४०. मग मागच्या ओळीतून सहा जण पुढे आले. सहा. त्यात दोन फ्लूच्या आयसीयूतले होते.

साथ ओसरली. कौतुकाचं एक पत्र आलं, योजना चांगली राबवली म्हणून. मॅडमनी ते कपाटात टाकलं.

मग मला झोप येईना. बायको म्हणाली, जे तिथे बोलायचं होतं ते इथे पडल्या पडल्या बडबडता, त्यापेक्षा जाऊन बोला. एका रविवारी झरीला गेलो. गुरुजींचं घर शाळेमागे. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, खाली सिस्टरचा फोटो, युनिफॉर्ममधला. दहावीची परीक्षा झालेली मुलगी पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी खुर्चीवर ताठ बसलो आणि रिपोर्ट दिला. दुसरी भाषा मला येत नाही.

"गुरुजी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. रजा मिळत नव्हती. ताप आलेल्याला मी सगळ्यांसमोर उभा करून हसत होतो. कलम मी खोडलं होतं."

गुरुजींनी अंगणातल्या हापशाकडे बघितलं.

"मला म्हाईत होतं, सायब. तुमी काय सांगता, तेवढं बघायचं होतं मला."

"माहीत होतं?"

"ती रोज सकाळी तिथं स्कार्फ भिजवायची. हापसा मीच मारायचो. गुरुवारी म्हणलो, आजच्या दिस ऱ्हाऊ दे, लय तापलीस. तर म्हणली, त्या गजाननासारखं मला चार माणसात उभं करतील, मग मी तोंड कसं दाखवू?" गुरुजी म्हणाले, "मग मी हापसा मारला."

मी माफी मागायला गेलो होतो, पण ती मागायला तोंड उघडेना, कारण ते देऊन टाकतील अशी भीती वाटली. निघताना ते गेटपर्यंत आले. "पुन्हा येत जा," म्हणाले नाहीत. मीही येतो म्हणालो नाही.

फौजेत आमच्या युनिटच्या भिंतीवर गेलेल्यांची नावं होती. नाव, नंबर, जागा. माझ्या शेवटच्या पोस्टिंगची भिंत नाही, म्हणून इथे लिहितो. सिस्टर कविता खंदारे, स्वच्छ वॉर्ड, ड्यूटीवर असताना. दत्ताराव आबा, पोखर्णी, खाट नऊ, घरी जायच्या दिवशी ताप भरला. दोघंही माझ्या कमांडखाली होते.

ते रजिस्टर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मंगळवार ते शुक्रवार, तिच्या नावापुढचे चार आकडे मी खोडलेले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात चारही दिवस 'फिट फॉर ड्यूटी' लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे.